ब्रेकवॉटरच्या मालाचा अंदाज: माझ्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

नवीन काम आलंय. उत्तर मुंबईतल्या एका कोळीवाड्यासमोर ४०० मीटर लांबीचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध घालायचा प्रस्ताव आहे, पावसाळ्यात होड्या आत सुरक्षित राहाव्यात म्हणून. आमच्याकडे सध्या फक्त प्राथमिक अंदाज आहे, म्हणजे दगड किती, काँक्रीट किती, कुठून आणायचं आणि ढोबळ किती महिने. डिझाइन नंतर खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएसच्या (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेच्या) फ्लूममध्ये, म्हणजे लाटांच्या लांब हौदात मॉडेल करून तपासलं जाईल, १९१६ पासून हे लोक पाण्याचीच कामं करतायत त्यामुळे शेवटचा शब्द तिथला. पण पैशाची तरतूद आमच्या आकड्यावर होणार आणि तो आकडा चुकला की अर्धवट बांधलेला ब्रेकवॉटर पावसाळ्यात उघडा पडतो, म्हणून मला हे घाईत उरकायचं नाहीये.

सरांनी जुन्या एका कामाची एक्सेल शीट दिली. सेक्शनचं म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी, वर पाच टक्के. दगडाची घनता किती धरली, दगडांमधली पोकळी किती धरली, तळ किती खचेल धरलं, यातलं काहीच शीटवर नाही. सरांना म्हटलं मी नव्याने करते, ते म्हणाले कर, पण प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिही. हेच या नोंदींचं कारण.

७ नोव्हेंबर

लेव्हलचा विषय आधी मिटवला. समुद्राच्या तळाचा सर्व्हे चार्ट डेटमवर आहे (सागरी नकाशांचं शून्य, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी), किनाऱ्याचा जमिनीवरचा सर्व्हे सरासरी समुद्रपातळीवर, आणि गटाराच्या मुखाचं पालिकेचं एक जुनं ड्रॉइंग मिळालं ते टाऊन हॉल डेटमवर. तीन कागद, तीन शून्यं. मुंबईत अपोलो बंदरला सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे, म्हणजे दोन सर्व्हे तसेच जोडले तर ब्रेकवॉटरची उंची अडीच मीटरने इकडची तिकडे होते. साडेसात मीटर उंचीच्या गाभ्याचं, म्हणजे आतल्या दगडी भरावाचं क्षेत्रफळ माझ्या सेक्शनमध्ये १२९ चौरस मीटर येतं, तोच दहा मीटर उंच धरला तर २१०, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त फरक. नुसत्या शून्याच्या जागेमुळे.

सगळं चार्ट डेटमवर आणलं. उधाणाची सरासरी भरती अधिक ४.४२, उधाणाचीच सरासरी ओहोटी अधिक ०.७६, आजवर नोंदलेली सर्वात मोठी भरती अधिक ५.३९. अपोलो बंदरच्या पाण्याच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत त्यामुळे या आकड्यांवर निर्धास्त टेकता येतं. डिझाइनची पाणीपातळी अधिक ५.० धरली. प्रत्येक शीटच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सर्व लेव्हल चार्ट डेटमवर.

११ नोव्हेंबर

आज कवचाचा, म्हणजे लाटा झेलणाऱ्या बाहेरच्या थराचा दगड. लाटांच्या अभ्यासात टोकापाशी सिग्निफिकंट लाट, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी, ३.० मीटर दिलीये. कवचाचा दगड किती जड हवा ते काढायच्या हडसनच्या सूत्रात दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनावर जातं, त्यामुळे कुठली लाट घालायची हाच सगळ्यात महाग प्रश्न आहे. ३.० घातली, घनता २.७, उतार दोनास एक, फुटणाऱ्या लाटेसाठी स्थिरतेचा गुणांक २, तर दगड येतो ४.२ टनांचा. पण मोठ्या दहा टक्के लाटांची सरासरी घ्यायची म्हटली तर लाट १.२७ पट, म्हणजे ३.८ मीटर, आणि दगड एकदम ८.६ टनांचा. लाट पाऊण मीटरने वाढली आणि दगड दुप्पट झाला. मी मोठी घेतेय. फुटणाऱ्या लाटेचा तो गुणांक याच मोठ्या लाटेबरोबर वापरायचा असतो, गुणांक नव्या पद्धतीचा आणि लाट जुन्या पद्धतीची म्हणजे नुसती सिग्निफिकंट, अशी सरमिसळ करून दगड हलका दाखवणं मला पटत नाही.

साडेआठ टनाचा दगड आपल्याकडे कोण देणार हा पुढचा प्रश्न. क्वारीतून निघाला तरी तो उचलून गाडीत घालून कोळीवाड्याच्या गल्लीतून आणणं अवघड आहे. म्हणून खोल भागात टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत १९५० मध्ये ते तयार झाले, मरीन ड्राइव्हला कट्ट्याखाली आपण सगळ्यांनी पाहिलेत. तेच सूत्र, काँक्रीट २.४, उतार दीडास एक, गुणांक ७, तर ५.२ टन येतात, म्हणून ६ टनाचे घेतले. टोकाला म्हणजे हेडला लाट वळसा घालून येते आणि ठोकळ्याला मागून आधार कमी मिळतो, तिथे गुणांक ५ घेऊन ७.३ टन, म्हणून ८ टनाचे.

किनाऱ्यालगतचे पहिले १५० मीटर उथळ आहेत, तिथे लाट मुळात आधीच फुटून लहान झालेली असते. तिथे सिग्निफिकंट २.० धरली, त्याची मोठी लाट २.५४, आणि दगड अडीच टनाचा आला. हा मिळू शकतो. तिथे नैसर्गिक दगडच ठेवायचा, उतार दोनास एक.

१२ नोव्हेंबर

कालच्या दगडाची घनता मी २.७ धरलीये, आपला बेसॉल्ट बहुतेक वेळा त्याहून जड भरतो. ३.० मीटरच्या लाटेवर नुसतं तपासून बघितलं, २.७ ला ४.२ टन आणि २.८ ला ३.६ टन. घनतेत चार टक्क्यांची वाढ आणि वजनात तेरा टक्क्यांची घट, कारण सूत्रात दगड पाण्यापेक्षा किती जड त्या फरकाचा घन भागिले येतो. क्वारी ठरली की पहिल्याच आठवड्यात नमुन्यांची घनता लॅबमध्ये काढायची, असं कंत्राटाच्या अटींमध्ये घालायला सांगितलं. तोवर २.७ च.

१८ नोव्हेंबर

साइटवर ओहोटीला गेलो होतो, सर, मी आणि सर्व्हेयर. कोळीवाड्यातले एक नाखवा बरोबर आले. ते डोलीच्या जाळ्याचे खुंट वर्षानुवर्षं याच पट्ट्यात रोवतायत. म्हणाले, "ताई, इथपर्यंत काठी मारली की खट्ट करते, त्या पुढे गेलीस की चिखल गिळतो, खुंट हातभर हातभर खालीच जातो." मी विचारलं कुठून बदलतं ते दाखवाल का, तर त्यांनी होडी थेट नेऊन उभी केली. आमच्या आखणीवर ती जागा साधारण २०० मीटरच्या चेनेजला, म्हणजे किनाऱ्यापासून तेवढ्या अंतरावर येते.

ही माहिती कुठल्याही सर्व्हेत नव्हती कारण इको साउंडर तळाचा वरचा पृष्ठभाग दाखवतो, खाली चिखल किती जाड ते नाही. आणि दगडाच्या अंदाजात तीच गोष्ट निर्णायक. सरांना तिथल्या तिथे म्हटलं बोअरहोल पाहिजेत, निदान तीन. त्यांनी मानलं.

परत येताना मासळी उतरवायची वेळ झाली होती. ब्रेकवॉटरच्या आत किती होड्या मावतील ते नाखवांनी दोनदा विचारलं. जून-जुलैत मासेमारी बंदी असते तेव्हा होड्या वर ओढून ठेवायलाही जागा पुरत नाही म्हणाले, मोठ्या होड्यांना तर दुसऱ्या बंदरात न्यावं लागतं. त्यांना आकडा सांगितला नाही, आतल्या बेसिनचा आराखडा वेगळ्या टीमकडे आहे, पण तो प्रश्न त्या टीमला आजच लेखी पाठवला.

२६ नोव्हेंबर

गाभा. सगळ्यात जास्त माल इथेच, आणि सगळ्यात कमी लक्ष पण इथेच दिलं जातं. गाभ्याचा माथा अधिक ५.५ ला आणि सहा मीटर रुंद ठेवला, कारण त्याच माथ्यावरून डंपर मागे मागे जाऊन माल टाकणार, मोठ्या भरतीतही चाकाखाली पाणी नको. तळ किनाऱ्याला अधिक १ पासून ३०० मीटरवर उणे २ पर्यंत उतरतो, पुढे सपाट. दर वीस मीटरला सेक्शन काढून शेजारच्या दोघांच्या क्षेत्रफळाची सरासरी घेत गेले, ४०,४०० घनमीटर आले. पहिल्या १५० मीटरला समुद्राकडचा उतार दोनास एक आहे त्याचे हजारेक वाढले, एकूण ४१,४००.

आता हे ४१,४०० घनमीटर म्हणजे किती टन? इथे माणसं सरळ २.७ ने गुणतात आणि पुढे जातात. पण त्यात पोकळी आहे. क्वारीतून जसा निघेल तसा लहानमोठा मिक्स माल बसला की पोकळी ३० टक्क्यांच्या आसपास धरता येते, एकाच मापाचे दगड असले तर ३७ टक्क्यांपर्यंत. ३० ला घनमीटरमागे १.८९ टन, एकूण ७८,२०० टन. ३७ ला १.७० टन, एकूण ७०,४००. फरक ७,८०० टन, सोळा टनाची गाडी धरली तर जवळपास पाचशे फेऱ्या, आणि ड्रॉइंगमध्ये एक रेघही बदललेली नाही.

यातला आणखी एक घोळ मापाचा. आम्ही घनमीटरमध्ये काढतो, वजनकाट्याची पावती टनात, आणि रॉयल्टी ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. खोल भागातला एक मीटर लांबीचा गाभा घ्या, जागेवर १२९ घनमीटर, म्हणजे काट्यावर २४५ टन. घनमीटर नुसते भागले तर पावणेसेहेचाळीस ब्रास येतात. पण गाडीत माल सैल पडतो, तिथे पोकळी ४५ टक्के धरली तर तोच माल १६५ घनमीटर जागा खातो आणि ब्रास होतात ५८. रॉयल्टीचा परवाना पंचेचाळीस ब्रासच्या हिशोबाने काढला तर काम पाऊण झालं की परवाना संपतो आणि गाड्या उभ्या राहतात. म्हणून अंदाजपत्रकात तिन्ही कॉलम शेजारी शेजारी ठेवलेत, आणि बिल कशावर काढायचं तेही लिहिलंय, काट्यावरचे टन, पण दर महिन्याला सेक्शनचा सर्व्हे करून ताडून बघायचं. फक्त काट्यावर ठेवलं तर भलतीकडे पडलेला माल पण मोजला जातो, फक्त सर्व्हेवर ठेवलं तर चिखलात गेलेला माल कंत्राटदाराच्या गळ्यात पडतो आणि मग तो दर तसा लावतो.

३ डिसेंबर

पनवेलच्या बाजूला दोन क्वाऱ्या बघून आलो. दोन्ही खडीच्या क्वाऱ्या, म्हणजे ब्लास्टिंगची होल जवळ जवळ मारतात, दगड जितका बारीक फुटेल तितकं क्रशरला बरं. आम्हाला उलटं पाहिजे. अडीच टनाचा दगड म्हणजे जवळजवळ एक घनमीटर सलग तुकडा, त्यासाठी होल लांब लांब आणि सुरुंगाची दारू कमी. क्वारीवाले शेठ म्हणाले वेगळा बेंच (खाणीतला टप्पा) काढून देऊ पण मधला माल पण तुम्हीच उचला. मला ही मागणी रास्त वाटते. ब्लास्टमधून मोठे दगड थोडेच निघतात, बाकी सगळा मधला आणि बारीक, आणि आपल्या गाभ्याला तोच लागतो. म्हणजे कवच, त्याच्या आणि गाभ्याच्या मधला थर आणि गाभा यांचं प्रमाण क्वारीच्या उत्पन्नाशी जुळलं पाहिजे, नाहीतर मोठ्या दगडासाठी डोंगर फोडत बसायचं आणि बाकीच्या मालाचे ढीग. आमच्या सेक्शनला अडीच टनाचा कवचाचा दगड साधारण अकरा हजार टन, गाभा ७८ हजार. पहिल्या चाचणी ब्लास्टचं उत्पन्न मोजून मगच दर अंतिम करा असं लिहिलं.

डबर हातात घेऊन बघितला, ताजा फुटलेला, काळाभोर, हातोड्याने वाजवला की घंटेसारखा आवाज. एका कोपऱ्यात मात्र भोकाभोकांचा हलका दगड होता, भोकांत पांढरं भरलेलं. तो गाभ्यातही नको असं शेठना दाखवून सांगितलं.

९ डिसेंबर

टेट्रापॉडची मोजणी. दोन थरांची जाडी ६ टनासाठी २.८ मीटर, पोकळी ५० टक्के, १०० चौरस मीटरला साडेछप्पन नग. उताराची लांबी मधोमध साधारण १९ मीटर आणि माथ्यावर तीन नगांची रुंदी ४.२ मीटर, म्हणजे मीटरमागे १३ नग, २५० मीटरला ३,३०० च्या आत-बाहेर. हेडचा अर्धा शंकू वेगळा काढला, १,२१० चौरस मीटर, ८ टनाचे ५६५ नग. हेड लांबीत अगदी छोटा दिसतो पण गोल पसरल्यामुळे पृष्ठभाग भयंकर वाढतो, लांबीवर दर लावून केलेल्या अंदाजात नेमका हाच भाग कमी पडतो. तुटफूट धरून एकूण ४,००० नग, १०,५०० घनमीटर काँक्रीट, घनमीटरला ३६० किलो सिमेंट धरलं तर ३,८०० टन, स्लॅग सिमेंट.

तुटफुटीवर सरांशी बरीच चर्चा झाली. टेट्रापॉडमध्ये लोखंड नसतं, पाय कोवळा असताना उचलला की बुंध्यात चीर जाते आणि ती बाहेरून दिसतही नाही. पोर्तुगालमध्ये सिनेशला फेब्रुवारी १९७८ च्या वादळात ४२ टनाचे डोलोस (लांब पायांचे काँक्रीटचे ठोकळे) हजारोंनी तुटले होते, सूत्रात वजन पुरेसं होतं पण ठोकळ्याची स्वतःची ताकद कुणी धरली नव्हती. आमचे नग त्यामानाने लहान आणि आखूड पायांचे आहेत, तरी चार टक्के जादा मी कमी करणार नाही, आणि उचलायच्या आधी क्यूब टेस्टचा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा निकाल हातात हवा.

जागा हा मुंबईतला खरा अडसर. ४० साचे, रोज एक ओतणी धरली तर १०० दिवस. पण २८ दिवस नग तसेच ठेवायचे, म्हणजे एकावेळी ११०० नग पडून, नगामागे सव्वासहा चौरस मीटर, ७,००० चौरस मीटर म्हणजे पावणेदोन एकर. कोळीवाड्यात मासळी वाळवायच्या जागेवर हात लावायचा नाही हे सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलंय आणि ते बरोबरच आहे. मग यार्ड बाहेर घ्यायचं आणि नग बार्जने आणायचे. गाभ्याचा खालचा भागही बार्जनेच टाकता येईल, मोठ्या भरतीला टोकापाशी सहा मीटरच्या वर पाणी असतं. तेवढ्या गाड्या गल्लीतून कमी होतील, आणि गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांवर बंदी असते तो वेळही वाचेल.

१९ डिसेंबर

बोअरहोलचे निकाल. किनाऱ्याच्या बोअरमध्ये अर्धा मीटर गाळ आणि खाली मुरूम, मधल्या बोअरला चिखल वाढायला लागतो, बाहेरच्याला २.८ मीटर मऊ सागरी चिकणमाती. नाखवांनी होडी उभी केली होती ती जागा आणि बोअरमधली बदलाची जागा यांत फार अंतर नाही.

आता खचण्याचा माल. सगळ्या सेक्शनचा पायथा, कवच आणि टो (पायथ्याला आधार देणारे दगड) धरून, ४४ मीटरच्या आसपास रुंद. २०० पासून ४०० मीटरपर्यंत सरासरी ०.७ मीटर दगड चिखलात जाईल धरलं तर ६,२०० घनमीटर, म्हणजे गाभ्याच्या पंधरा टक्के, ११,७०० टन. जुन्या शीटमधले पाच टक्के इथेच संपून जातात. चिखल आधी उपसून काढला तरी माल कमी होत नाही, कारण खड्डा दगडानेच भरायचा, वर उपशाचा आणि गाळ टाकायचा खर्च. जिओटेक्स्टाइल अंथरून दगड चिखलात मिसळणं कमी होईल, पण माती दबून बसणारच आहे, ते कापडाने थांबत नाही. मी जिओटेक्स्टाइल ठेवलंय आणि ०.७ तसाच ठेवलाय. सर ०.५ म्हणत होते, बोअरचा लॉग समोर ठेवल्यावर त्यांनी सही केली.

२ जानेवारी

पावसाळ्याची तरतूद घातली. काम ऑक्टोबर ते मे एवढंच, ४०० मीटर एका हंगामात होणार नाही. मे अखेर जिथे पोहोचू तिथे गाभ्याचं तोंड उघडं ठेवून चालणार नाही, मधला थर आणि कवच लावून तात्पुरतं हेड करावं लागेल, आणि ऑक्टोबरमध्ये त्यातलं कवच काढून पुढे वापरायचं. पण सगळं परत मिळत नाही. तात्पुरत्या हेडच्या गाभ्यातला आणि मधल्या थरातला काही माल पावसाळ्यात जाणारच, तो वेगळी बाब म्हणून दाखवला, कुठल्याही टक्केवारीत लपवला नाही. मधला थर ४०० ते ८०० किलोचा, १.२ मीटर जाड, त्याचं गणित सरळ होतं, एका दुपारी झालं.

शिवाय गाभा कवचाच्या पुढे किती धावू द्यायचा तेही लिहिलं, ऑक्टोबर ते मार्च ३० मीटर, एप्रिलपासून १५. वळवाच्या वादळात उघडा गाभा एका रात्रीत पसरतो.

८ जानेवारी

अंदाजपत्रक गेलं. गाभा ४७,६०० घनमीटर, ९०,००० टन, खचण्यासकट, पोकळी ३० टक्के आणि घनता २.७ धरून. कवचाचा दगड ११,००० टन. टेट्रापॉड ६ टनाचे ३,४१० आणि ८ टनाचे ५९० नग. प्रत्येक ओळीत ज्यावर आकडा उभा आहे ते गृहीतक आणि ते बदललं तर आकडा किती हलेल ते दिलंय. वरच्या ऑफिसमधून फोन आला होता, एकच आकडा द्या, रेंज नको. आकडा एकच दिलाय, पण गृहीतकांचा कॉलम काढायला मी नकार दिला आणि सर माझ्या बाजूने बोलले.

पुढचं, आणखी दोन बोअर २५० आणि ३५० मीटरला, मंजुरीसाठी पाठवलेत. निकाल आले की ०.७ चा आकडा पुन्हा बघायचा.